निमकर साहेबांची भाजणी

मीटरवर लाल दिवा लागला आणि अनसूयाबाई गुरवांची घरघंटी भाजणी दळता दळता थांबली. अर्ध्या तासात वीजकंपनीचे मुख्य अधिकारी निमकर पॅडल मारून वीज काढायचं यंत्र घेऊन दारात हजर झाले.

मीटरला आता वीज ऊन-वाऱ्याची की कोळशाची हे ओळखता येत होतं, आणि कोळशाची ते घेतच नसे. ऊन-वाऱ्याची वीज ठरल्यापेक्षा कमी पडली की भरपाई साहेबांनी स्वतःच्या पायांनी करायची, असा कायदा होता. पूर्वी पैशांत दंड असे. कंपन्या तो हसत भरत आणि गिऱ्हाइकाच्या बिलात टाकत.

"पाचला शंभर थालिपिठांची भाजणी पोचवायचीय, साहेब. नाही पोचली तर गिऱ्हाईक तुटलं."

"पोचवू की!" साहेबांनी टाय शर्टात खोचला आणि असे सुटले, की दहा मिनिटांत भिंतीला टेकले.

"अहो, शर्यत नाही ही. जातं ओढतात तसं, सावकाश, पण न थांबता."

तीनला कायद्यानं ठरलेली भरपाई पुरी झाल्याची यंत्राची शिट्टी वाजली. वारा सहाशिवाय सुटणार नव्हता आणि दोन किलो दळण उरलं होतं.

"यंत्र उचलू, सर?" ड्रायव्हरनं विचारलं.

"दळण अर्धं टाकून कुणी उठतं का?" साहेब म्हणाले.

पाचला दहा कमी असताना डबा रवाना झाला.

वर्षभरात निमकरांनी इतक्या पवनचक्क्या आणि वीज साठवायच्या बॅटऱ्या उभारल्या, की तूट उरलीच नाही. अनसूयाबाईंनी अभिनंदनाचं पत्र धाडलं. खाली तक्रार होती : 'तुमच्या पायांची भाजणी फार एकसारखी उतरली होती. जमल्यास यंदा थोडी तूट पडू द्यावी.'