पाच मतांचं पाणी

“घोटभर घेतल्याशिवाय सोडणार नाही, भाऊ,” त्रेपन्नाव्या घरातल्या काकूंनी तांब्या पुढे केला. नको म्हटलं तर घरातली पाच मतं जातील, म्हणून प्रचाराला निघालेल्या हणमंतभाऊंनी तोही रिकामा केला.

साठाव्या घरी त्यांचं डोकं गरगरलं. एकसष्टाव्या घरी त्यांनी हात जोडून विरोधकासाठीच मतं मागितली. आम्ही कार्यकर्त्यांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

“पाणी अति झालंय, रक्तातलं मीठ उतरलंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “जिवावर बेतलं असतं.”

सकाळी भाऊ शुद्धीवर आले. उशाशी त्यांचंच पत्रक होतं: निवडून द्या, चोवीस तास पाणी देतो. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“एवढं नको रे,” ते काळजीने म्हणाले. “लोकांना तासभर पुरे.”