कोणते जाधव

हॉटेलच्या दारातूनच आप्पांनी गल्ल्यावरच्या माणसाला मोठ्यानं जय भीम घातला आणि मोनालीनं झटकन मागं वळून रस्ता पाहिला.

रस्त्यावर ओळखीचं कुणी नव्हतं. गल्ल्यावरच्यानंही तितक्याच मोकळेपणानं जय भीम परत केला. विद्यापीठाच्या गेटाजवळच्या त्या हॉटेलात यात नवल काहीच नव्हतं. राईस प्लेट खाणाऱ्या एकाही पोरानं मान वर केली नाही. पण ती भाड्यानं राहायची ते कालिंदीकाकूंचं घर मागच्याच गल्लीत होतं, आणि तिच्या वडिलांचा आवाज पाचोडच्या बाजारातल्या गलक्यालाही पुरून उरणारा. रिक्षावाला असो, पेरूवाली असो, ते सगळ्यांना असाच जय भीम घालायचे.

तिनं त्यांना अगदी आतल्या टेबलावर, भिंतीकडं तोंड करून बसवलं. गावाहून आले की ती त्यांना इथंच भेटायची. शेंगदाण्याची चटणी, धुतलेली गोधडी, जे काही आणलं असेल ते इथंच ताब्यात घ्यायची. खोलीवर चला, असं ती कधी म्हणाली नव्हती. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

आडनाव जाधव. त्यावरून कुणाला काही कळत नाही, म्हणून खोली बघायला गेलं की घरमालक पुढचं विचारायचे, कोणते जाधव? पहिल्या घरी तिनं खरं सांगितलं, तर खोली मालकांच्या भाचीसाठी ठेवलेली निघाली. दुसऱ्या घरीही कुणाची तरी भाचीच निघाली. कालिंदीकाकूंनी असं थेट विचारलं नाही. त्यांनी आधी चहा दिला, आलं घालून, आणि मग गोड आवाजात म्हणाल्या, तुमचं कुळदैवत कोणतं गं? मोनालीच्या तोंडून निघून गेलं, तुळजापूरची भवानी.

काकू वाईट असत्या तर बरं झालं असतं. तिला ताप आला तेव्हा त्यांनी मऊ भात कालवून आणला होता, उशाशी बसून घास भरवले होते. तोच हात मागं घेतला जाताना आपल्याला बघावं लागेल, या विचारानं ती कधी कधी झोपेतून दचकून उठायची. आणि सोमवारपासून परीक्षा होती. खोली गेली तर पुस्तकं घेऊन जायचं कुठं?

ताटं आली. आप्पांनी कांदा मुठीनं फोडला आणि वरण लई झकास आहे म्हणाले. मोनालीनं पहिला घास घेतला, आणि दारात काकू उभ्या दिसल्या.

सकाळीच सिलिंडर संपलं होतं मेलं, भाजी-पोळीचं पार्सल न्यायला त्या आल्या होत्या. ऑर्डर देऊन वळल्या, तर त्यांना मोनाली दिसली. पार्सलला वेळ होता. त्या सरळ तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन टेकल्या. हे वडील का तुझे, त्यांनी कौतुकानं विचारलं. तिनं मान हलवली.

आप्पांनी उष्टा हात बाजूला धरला, डावा हात कपाळाकडं नेला. तोंड उघडलं. पुढचे दोन शब्द तिला माहीत होते. टेबलाखाली तिचा पाय त्यांच्या चपलेवर कधी पडला, तिलाही कळलं नाही.

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं.

"नमस्कार, ताई," ते म्हणाले. हा इतका बारीक आवाज तिनं त्यांच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता.

काकू खुलल्या. पोर गुणाची आहे, वेळेवर घरी येते, अमकं-तमकं सांगत राहिल्या. मोनाली गल्ल्याकडं बघत होती, पार्सल बांधून होतंय का. तेवढ्यात काकू म्हणाल्या, भवानी तुमचं कुळदैवत ना, मग नवरात्रात घट बसवत असाल?

गावाकडच्या घरात भिंतीवर दोनच तसबिरी होत्या, आणि त्यांत देवी नव्हती. आता आप्पा खरं तरी बोलणार, नाहीतर गप्प तरी बसणार. दोन्हीचा शेवट एकच होता.

"बसवतो की," आप्पा म्हणाले. "माळ मात्र कारळ्याच्या फुलांची लागती. झेंडूची चालत नाय आमच्यात. अन् धान पेरायला माती वावरातली पाहिजे, कुंडीतली नको."

काकूंना भारीच आनंद झाला. शहरात कारळ्याची फुलं आता मिळत नाहीत, यंदा तुम्हीच घेऊन या, घरीच उतरा, असं हॉटेलात परक्यासारखं काय बसता, म्हणाल्या. पार्सल आलं. जाताना त्यांनी मोनालीच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या दिसेनाशा झाल्या, तरी तिला हायसं वाटेना. आप्पा शांतपणे पोळी मोडत होते. त्यांच्याकडं बघायची तिची छाती होईना.

"कारळ्याचं तुम्हाला कुठून माहीत, आप्पा?" तिनं ताटाकडं बघत विचारलं.

"आयटीआयला होतो तवा शहागंजात खोली केली होती. मालकिणीच्या घटाला माळा मीच ओवायचो."

"आणि कुळदैवत कोणतं सांगितलंत तिला?"

"तू सांगितलं तेच." त्यांनी तिच्या ताटात आपल्या वाटीतलं वरण ओतलं. "जेव. आधी परीक्षा होऊ दे."

मग पाणी पिऊन त्यांनी मिशा पुसल्या.

"ती खोली सोडली त्या दिवशी एसटीत चढलो अन् कंडक्टरला पयला जय भीम घातला," ते म्हणाले. "तवापासून आवाज बारीक व्हायचं नावच घेत नाय."