काटा हालंना

दुष्काळात विहीर आटली, तशी श्रेया जुन्या जीपमधून चितेगावच्या बायांना शेंद्र्याच्या कंपन्यांत सोडू लागली. पण वाटेतल्या शहरात गर्दी वाढलेली. सिग्नलला थांबलं की इंजिन उकळायचं आणि बायांना कामावर उशीर व्हायचा. इंजिन गार ठेवणारा पंखा ज्याच्यामुळं फिरतो, तो फॅन क्लच गेला होता. मेकॅनिक गावाला गेलेला, म्हणून श्रेयानं नवा क्लच आणून स्वतःच बोनट उघडलं.

सासू लक्ष्मीबाईंनी पदर खोचून पुली धरली. "लाव जोर, पोरी!"

नट सुटला, नवा क्लच बसला. चावी फिरवताच पंखा असा घोंघावला की लक्ष्मीबाई दचकून मागं सरल्या आणि खदाखदा हसल्या.

दोघी भर उन्हात सिडकोच्या सिग्नलला जाऊन थांबल्या. लक्ष्मीबाईंची नजर तापमानाच्या काट्यावर.

"हालंना गं! जागचा हालंना!"

हिरवा दिवा लागला, मागं हॉर्न वाजू लागले. लक्ष्मीबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "थांबा की जरा! आमची गाडी तापंना, बघा तर!"

शहर मागं पडून रस्ता मोकळा झाला, तशा त्या म्हणाल्या, "घे बाजूला."

"का? काय झालं, आत्याबाई?"

"काय नाय. सरक तिकडं. आता मला शिकव."