कॅसेटमधली हाक

आधी ऐकून बघतो, मग घेतो, असं म्हणून त्या माणसानं स्वतःचाच टेपरेकॉर्डर इंदापूरच्या स्टँडवरच्या बाकावर ठेवला. खांद्याला पट्टा, दोन मोठे भोंगे, नवा कोरा.

मल्हारनं पिशवीतून कॅसेट काढून दिली. सकाळपासून त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. ओव्या त्याच्या, चाली त्याच्या, ढोल मित्राचा. कुठल्याच कंपनीनं दारात उभं केलं नाही, म्हणून बारामतीच्या एका लहानशा स्टुडिओत त्यानं स्वतःच कॅसेट काढली. आता विकायचीही त्यानंच. आपलं लग्न आणि आपणच वाजंत्री, असा प्रकार.

पहिल्या गाण्याच्या आधी, ढोलाच्याही आधी, एक हाक होती. पोटातून निघणारी, लांबत जाणारी, शेवटी किंचित तुटणारी.

माणसानं टेप थांबवली, मागं घेतली, पुन्हा ऐकली. "ही कुणाची हाक म्हणायची?"

"आमच्या आबांची," मल्हार म्हणाला.

त्याला बोलायला निमित्तच हवं होतं. ही हाक घराण्यात बापाकडून मुलाकडं यायची. त्याच्या वडलांची, गेणूआबांची मेंढरं या हाकेशिवाय दुसरं काहीच ओळखत नव्हती. मल्हारनं लहानपणापासून घसा फोडला, पण एकाही मेंढीनं कधी मान वर केली नाही. मेंढरांनी भाव दिला नाही म्हणून हा गडी माणसांपुढं गायला लागला, असं गावात चेष्टेनं म्हणायचे.

हाक त्यानं आबांना न विचारताच टेप केली होती, मेंढरं माघारी आणताना, मागनं चालत. कॅसेट हातात आली तेव्हा माळावरच्या खोपीत त्यानं ती मोठ्या हौसेनं लावली. बाहेर जाळीच्या कुंपणातली मेंढरं उठून उभी राहिली. पहिलं गिऱ्हाईक घरातच मिळालं की, म्हणून त्याची आई सिंधुबाई हसली.

आबा हसले नाहीत. ताटावरून उठले. "हाक डबीत भरायची नसती, मल्हार. ज्याची हाक त्याची मेंढरं."

म्हाताऱ्यांचं काहीतरी खूळ, असं मल्हारला वाटलं. पण आबांनी त्यानंतर त्याच्या गाण्याचं नाव काढणंच टाकलं, आणि ते मात्र त्याला फार लागलं. त्यात थोरल्या मामानं बारामतीच्या एमआयडीसीत त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. दसऱ्यापर्यंत एकही कार्यक्रम मिळाला नाही तर गाणं सोडून कामाला जाईन, असं मल्हारनं घरात कबूल केलं होतं. दसरा आता तोंडावर आला होता.

माणसानं आपलं नाव कुंडलिक सांगितलं. त्यानं दोन कॅसेटी घेतल्या. एक झिजली तर दुसरी असावी म्हणाला. मग आपणहून सांगितलं, की बारामतीत एक मंडळ दुपारच्या कार्यक्रमासाठी इथल्याच भागातला गाणारा शोधतंय.

"पण मल्हारराव, आबांना संगट न्या. हाक समोर देऊ द्या. लोक येडे होतील."

आबांचे पाय धरायला एकदा यायचंय, असंही तो म्हणाला. मल्हारनं त्याला माळाची सगळी खूण सांगितली, कॅनॉलच्या कडेकडेनं बाभळींपर्यंत. तो दिसेनासा झाला तरी मल्हार तिकडंच बघत होता. आपल्या गाण्याला असा दर्दी मिळेल, हे त्याला खरंच वाटत नव्हतं.

मंडळानं गाणं ऐकलं आणि तारीख दिली. आबा मात्र अडून बसले. मेंढरं कुणी बघायची, हा एकच धोशा. शेवटी सिंधुबाईनं तोंड उघडलं.

"मी बसते की राखत. जावा तुमी. पोराचं एवढं तरी ऐका."

आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, नवा पटका बांधला आणि एसटीत बसले.

हॉल भरला होता. मल्हारनं कुंडलिकसाठी पुढं एक खुर्ची राखायला लावली होती, पण ती शेवटपर्यंत रिकामीच राहिली. त्याला थोडं वाईट वाटलं. मग आबा उभे राहिले, जमिनीकडं बघितलं आणि हाक दिली.

मग टाळ्या पडल्या, थांबेचनात. लोकांनी पुन्हा मागितली, तेव्हा आबांनी मान वर करून दुसऱ्यांदा दिली, पहिलीपेक्षा मोठ्यानं. मंडळाच्या चिटणीसांनी तिथंच सुप्याचा कार्यक्रम पक्का केला आणि नरसिंहपूरचंही बोलून ठेवलं. मल्हारचे डोळे भरून आले.

येताना एसटीत आबा पोराच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू गा. कामाला बिमाला जाऊ नगंस. माझंच चुकलं. डबीत ऱ्हायली तर हाक माझ्यामागं बी ऱ्हाईल."

मल्हारला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. फाट्यापासून माळापर्यंत तो गुणगुणत चालला.

उन्हं उतरली होती. खोपीपुढं चुलीवर चहा उकळत होता आणि सिंधुबाई हसऱ्या तोंडानं कपबशा मांडत होती. कार्यक्रम कसा झाला, हेच तिनं आधी विचारलं. मल्हार सांगायला लागला.

आबा जाळीपाशी थांबले होते. "मेंढरं कुठं हायती?"

सिंधुबाईनं त्यांच्या मागं, कॅनॉलच्या वाटेकडं बघितलं.

"म्हंजी? तुमच्यासंगं न्हाईत व्हय? दुपार कलल्यावर पल्याडनं तुमीच तर हाक दिली. कुत्रंबी शेपूट हलवत गेलं."