बोंबील नावाचं मशीन

नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी. आठही तारा ओळीत लावून किशोरीने त्या प्लास्टिकच्या क्लिपेत सारल्या आणि पक्कड दाबली. कट्. शेवटची केबल झाली. पाच कॉम्प्युटर, मधे लुकलुकणारा एक स्विच आणि भिंतीच्या कडेने ठोकलेली निळी वायर. खोलीबाहेर एक तारही जात नव्हती. बाहेर जाणारी इंटरनेटची लाइन केबलवाल्या विनेशने गेल्याच आठवड्यात कापून नेली होती. नेताना तो चकार शब्द बोलला नाही. बोलायची सोयच नव्हती. गावकीचा तसा ठराव होता.

“आपल्याशी गावातलं कुत्रं बोलत न्हाय,” स्टुलावर उभा असलेला तिचा नवरा चंदर म्हणाला, “आन तू मशिनींना एकमेकींशी बोलतं करतेस?”

“त्यांच्यावर अजून ठराव झाला न्हाय,” किशोरी म्हणाली. “तवर बोलून घेऊ दे.”

तिचा गुन्हा असा, की ग्रामपंचायतीला गावकीने उमेदवार ठरवून दिलेला असताना तिने स्वतःचा अर्ज भरला. ती पडली. पण ती उभी राहिली, हेच गावकीला जास्त लागलं. वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा आहे, म्हणून ठरावात तो शब्द नव्हता. ‘बोलणं बंद’ एवढंच होतं. देवळासमोर चष्मा लावून ठराव वाचला तो गावकीचा अध्यक्ष सदा नाखवा याने, म्हणजे किशोरीच्या सख्ख्या बापाने. होळीला वाचला. आता नारळी पौर्णिमा आली, तरी बापाने लेकीकडे बघितलं नव्हतं. रोज सकाळी याच खोलीखालून तो बंदरावर जायचा. मान इतकी ताठ, की लोकांना वाटावं डॉक्टरांनी पट्टा दिलाय.

किशोरीचा कॉम्प्युटरचा क्लास मात्र गावकीला बंद करता येईना. बर्फाच्या गोदामावरची खोली मच्छीमार सोसायटीची, परीक्षा सरकारी, आणि न्हावा शेवा बंदराच्या ऑफिसात सर्टिफिकेटाशिवाय उभं करत नाहीत. सदाच्याच नातीला, प्राप्तीला, तिथे नोकरी हवी होती. मग पोटठराव झाला. पोरींनी क्लासला जावं, शिकावं, पण किशोरीशी बोलू नये. मुकाट्याने शिकवायचं कसं, ते किशोरीचं तिने बघावं. फोनचा बंदोबस्त आधीच झाला होता. गावाच्या सगळ्या ग्रुपांतून तिला काढलं होतं, आणि पोरींचे फोन देवळात तपासले जात.

किशोरीने मशिनींना माशांची नावं दिली. सुरमई, पापलेट, मांदेली, बोंबील. स्वतःचं ते घोळ. की-बोर्डांवर मराठी अक्षरांची स्टिकरं चिकटवली आणि गप्पा मारायचा एक फुकटचा प्रोग्राम टाकला. पोरी आल्या, तोंडं शिवल्यासारख्या बसल्या. सगळ्यांच्या स्क्रीनवर एकदम ओळ उमटली.

‘घोळ: उजव्या हाताचं बटण दाबा.’

प्राप्तीने एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा की-बोर्डकडे.

‘सुरमई: आत्या, किती बारीक झालीस गं.’

त्या दिवसापासून खोलीत स्मशानशांतता आणि की-बोर्डांचा तडतडाट. बघता बघता पोरींच्या आयाही ‘शिकायला’ येऊ लागल्या. मनुबाईला तर अक्षरओळखच नव्हती. ती लेकीच्या कानात सांगायची, लेक टाइप करायची. कुणाच्या घरात काय शिजलं, कुणाची बोट रिकामी आली, सगळं गाव त्या निळ्या वायरीतून किशोरीपर्यंत पोचू लागलं.

कुणकुण लागलीच. सदाने पोरींना देवळात बोलावून नारळावर हात ठेवायला लावला.

“किशोरीशी बोललीस?”

“न्हाय, आजा,” प्राप्ती म्हणाली. “देवीची आण. ओठ हलवला न्हाय.”

एकेकीने आण घेतली. एकही खोटी नव्हती. देवीनेही काही हरकत घेतली नाही.

सदाचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः जिना चढून आला, दारात चपला काढल्या आणि कुणी काही करायच्या आत एकच जागा मोकळी होती तिथे, बोंबलासमोर बसला. स्क्रीनवर सकाळपासूनच्या गप्पा तशाच होत्या. वरचीच ओळ मांदेलीची होती: ‘म्हातारा शपथा घालून दमला. नारळ मात्र गोड निघाला.’

सदा ओठ हलवत वाचू लागला. खाली, आणखी खाली. ‘सगळं पुसून टाक,’ असं प्राप्तीने आत्याला डोळ्यांनी खुणावलं. ते किशोरीच्या एका बोटाचं काम होतं. किशोरीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. निवडणुकीला ती काही लपून उभी राहिली नव्हती.

शेवटच्या ओळीपर्यंत वाचून सदाने एक बोट उचललं. ते स्टिकरांवरून फिरत राहिलं, बोटाखाली अक्षर सापडेपर्यंत थांबत, पुन्हा फिरत. खोलीतला तडतडाट थांबला होता. किशोरीच्या स्क्रीनवर एकेक शब्द जमत ओळ आली.

‘बोंबील: पुढच्या वेळी परत उभी राहशील?’

तिने तडक टाइप केलं. ‘घोळ: राहीन.’

बोट पुन्हा फिरू लागलं.

‘बोंबील: मग ठराव उठणार नाही.’

‘घोळ: नको उठवू, बाबा.’

सदा उठला. दारापर्यंत गेला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि परत येऊन बसला. मान अजून ताठच होती.

‘बोंबील: उद्या क्लास किती वाजता?’