अडकलेलं पान

"हे बघ बाबा, मला नवीन काही शिकवू नकोस. जुन्यावर जे आहे ते जसंच्या तसं नव्यावर यायला हवं," हेडक्लार्क ताईंनी बजावलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्यानं दोन दिवस खपून सिस्टीम, प्रोग्रॅम, फायली, सगळं नव्या कॉम्प्युटरवर आणलं. बारा वर्षं ताई आपला निम्मा डबा त्याच्यापुढे सरकवत आल्या होत्या. त्यांच्या कामात तो कसूर करेल तर शपथ!

शेवटी त्यानं प्रिंटर जोडला. मागच्या महिन्यात प्रिंटर रुसला होता, तेव्हा जुन्या कॉम्प्युटरवर छपाईच्या रांगेत अडकलेलं आणि बाकी सगळ्यासोबत नव्यावर आलेलं एक पान आता आपसूक बाहेर आलं. साहेबांना लिहिलेलं, खाली ताईंचं नाव.


"कॉम्प्युटरवाल्याला खुशाल काढा. फक्त माझा नवा कॉम्प्युटर लागेपर्यंत त्याला काही कळू देऊ नका."