प्रतिवादी हजर

नवरा नाहीसा होऊन आठ वर्षे लोटली होती. त्याला कायद्याने मृत ठरवावे, या तिच्या दाव्याची त्या सकाळी तारीख होती. त्याने मोडलेले तिचे मनगट अजून वाकडेच होते. निकाल लागल्याशिवाय तिला निर्धास्त झोप येणार नव्हती.

रीतीप्रमाणे पट्टेवाल्याने दारात त्याच्या नावाचा तीनदा पुकारा केला. कोणीही आले नाही. तिने स्वतः वळून पाहिले होते.

दुपारी घरी धाकट्या बहिणीने न्यायालयाच्या संकेतस्थळावर दाव्याचा क्रमांक टाकून त्या दिवसाचा रोजनामा उघडला.

“ताई, इथे तर ‘प्रतिवादी जातीने हजर’ असं लिहिलंय गं.”

तिने वकिलांना फोन लावला. ते हसलेच. “अहो बाई, टायपिस्टला डुलकी लागली असेल! इतकी वर्षं ज्याला घर आठवलं नाही, तो कोर्टात कशाला तडमडेल? दुरुस्त करून घेतो.”

संध्याकाळी बहिणीने पान पुन्हा उघडले. ‘हजर’ तसेच होते. खाली नवा मजकूर आला होता. तो वाचता वाचता बहिणीने फोन तिच्यापुढे सरकवला. पुढचे तिने स्वतः वाचले.

‘वादीसोबत घरी जाण्याची प्रतिवादीची विनंती मंजूर. उभयता सोबत रवाना.’